पोस्टमन आला

आईला अल्झायमर आहे हे कळल्यावर नातेवाइकांनी ब्राह्मी, बदाम आणि एक लांबचा वैद्य सुचवला. मी बदाम तेवढे ठेवून घेतले. मलाच आवडतात.

खरी मदत शेजारच्या काकूंची. रोज संध्याकाळी तासभर त्या आईजवळ बसतात, मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवतात. आई मेथी अजून नीट निवडते. माझं नाव मात्र तिला सापडत नाही. मी कधी तिचा दादा असतो, कधी पोस्टमन. आधी मी हट्टानं सांगायचो, "अगं, मी तुझा मुलगा." ती घाबरायची. आता पोस्टमन असलो तर मनीऑर्डर आलीय म्हणतो. कोणाच्या घरी असं माणूस असेल, तर फोनवर नुसती चौकशी करण्यापेक्षा असा एक तास द्या. तेवढ्यात माझी बँक, औषधं आणि जमलंच तर कटिंग उरकतं.

आणि संशोधनासाठी? पैशांखेरीजही देण्यासारखं आहे. १९०६ साली डॉ. आलोइस अल्झायमर यांनी आपल्या मृत रुग्णाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तिथून या आजाराची ओळख पटत गेली. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत आज मेंदूपेढी आहे, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू अभ्यासासाठी जपणारी जागा. अशा अभ्यासाला तुलनेसाठी आजार नसलेले मेंदूही लागतात. मृत्यूनंतर ते लवकर पोचावे लागतात, त्यामुळे साताऱ्याहून कितपत जमेल ही शंकाच. तरी माझी इच्छा घरात सांगून ठेवलीय.

आत्या म्हणाली, "अरे, पण त्यांना चांगला लागतो ना?"