एवढ्याशा कडीत डिझाइन करायचं तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हा प्रश्न लग्नाकार्यात पंगतीला ठरलेलाच असतो. चाकणला गाड्यांच्या आतल्या कप्प्यांच्या कड्या डिझाइन करतो असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग म्हणतो, “अहो, ग्लोव्ह बॉक्सची कडी म्हणजे एक हूक आणि एक स्प्रिंग. त्यात दिवसभर करता काय?”

बरोबर आहे. एक हूक आणि एक स्प्रिंगच. पुष्कळदा स्प्रिंगसुद्धा नसते, आणि नसली की काम वाढतं.

या कडीकडून मागणी दोन टोकांची असते. सत्तरीतल्या आजींच्या एका बोटानं ती उघडायला हवी आणि अपघातात काही झालं तरी उघडता कामा नये. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०१ या नियमात आतल्या कप्प्यांच्या झाकणांसाठी धक्क्याचे आकडेच दिलेत: गाडीच्या लांबीच्या दिशेनं ३० जी, आडवा आणि उभा १० जी. ३० जी म्हणजे त्या क्षणापुरतं वजन तीसपट. बोटानं ओढायची पट्टी १५ ग्रॅमची असेल तर ती ४५० ग्रॅमची होते. मागून गाडी ठोकली गेली तर हीच पट्टी, कोणी हात न लावता, स्वतःला ओढून घेऊन हूक सोडवू शकते. स्प्रिंग कडक केली तर आजींचं बोट दुखतं. म्हणून पट्टीची पिन तिच्या गुरुत्वमध्याजवळ न्यायची, म्हणजे धक्का बसला तरी दोन्हीकडचं वजन एकमेकांना तोलून धरतं. फक्त त्यासाठी पट्टीच्या मागे जागा लागते, आणि ती जागा स्टायलिंगवाल्यांनी आधीच खाल्लेली असते.

दाबलं की उघडणारी कडी लोकांना फार आवडते. गॉगल ठेवायच्या कप्प्याला असते ती. आत पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची खाच. पिन एका बाजूनं जाऊन अडकते, पुन्हा दाबलं की दुसऱ्या बाजूनं सुटते. पण डॅशबोर्डवर ती लावली आणि समोरून टक्कर झाली, तर झाकण स्वतःच्याच वजनानं आत दाबलं जातं. कडीला कुठलं कळतंय की हे बोट नव्हे! मग तिला धक्क्यात आडवा येणारा एखादा लोलक जोडा, म्हणजे भाग वाढले. डॅशबोर्डवर ही कडी मागितली की मी जमेल तेवढी टाळाटाळ करतो.

आता छोटी कडी. कप्प्याच्या झाकणातच ओतलेला हूक घ्या: एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला दात असलेली प्लास्टिकची पट्टी. ती वाकताना प्लास्टिक किती ताणलं जातं, याचा हिशेब असा: दीड गुणिले जाडी गुणिले वाकणं, भागिले लांबीचा वर्ग. २ मिमी जाड आणि २० मिमी लांब पट्टी २ मिमी वाकली, तर ताण दीड टक्का. पीओएम, म्हणजे सगळे डेलरिन म्हणतात ते प्लास्टिक, हे आरामात सोसतं. कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणतं, “अर्ध्या जागेत बसवा ना.” लांबी १० मिमी केली की ताण थेट ६ टक्के. रोज उघडणाऱ्या कडीला हे परवडत नाही, ती कधीतरी मुळाशी पांढरी पडून तुटणार. मग पट्टी यू-आकारात दुमडून लांबी मिळवायची, किंवा टोकाकडे जाडी निम्मी करत न्यायची. तेवढ्याच ताणात ती साधारण ६० टक्के जास्त वाकते.

बरं, हुकाला दात आला की मोल्डमध्ये, म्हणजे प्लास्टिक ओतायच्या साच्यात, आडकाठी आली. भाग सरळ बाहेर निघेना, म्हणजे साच्यात बाजूला सरकणारा तुकडा, स्लायडर, हवा, आणि टूल, म्हणजे तो साचाच, महाग. त्यावर भोसरीच्या कुठल्याही टूलरूममध्ये ठाऊक असलेली युक्ती म्हणजे दाताच्या बरोबर खाली भोक ठेवायचं. मोल्डचा एक अर्धा त्या भोकातून वर येऊन दाताची खालची बाजू घडवतो, स्लायडर वाचतो. तुमच्या गाडीत अशा हुकाखाली चौकोनी भोक दिसलं तर ते यासाठी. माझं मत विचाराल तर कडीतले भाग कमी केले म्हणून काम कमी होत नाही, ते उचलून टूलमध्ये जातं. मीटिंगमध्ये हे कोणाला ऐकायचं नसतं.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो खडखडाट. कडीत हूक अडकायला झाकण बंद जागेच्याही किंचित आत जावं लागतं. म्हणजे बंद झाल्यावर तेवढी फट उरते, आणि खड्ड्याखड्ड्यांत झाकण त्या फटीत वाजतं. म्हणून रबराचे स्टॉपर झाकणाला कायम बाहेर ढकलत ठेवतात. रबर मऊ पडलं तर खडखड, कडक झालं तर झाकण जड उघडतं आणि शेजारच्या पॅनेलशी पातळी चुकते. शिवाय मे महिन्यात नागपुरात उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी आठवा. त्या उष्णतेत वाकून राहिलेलं प्लास्टिक हळूहळू वाकलेलंच राहतं. त्यामुळे रबराचा रेटा हुकाला वाकवणारा नको, त्याच्या लांबीच्या दिशेनं ओढणारा हवा. स्क्रीनवर दाताचा कोन एखाद-दोन अंशांनी इकडेतिकडे करत मी बसलेला असतो, ते याचसाठी. शिवाय पीओएमवर पीओएम घासलं की करकरतं, म्हणून समोरचा भाग वेगळ्या प्लास्टिकचा घ्यावा लागतो.

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा खरा प्रश्न पुढे येतो: “आमच्या गाडीचा ग्लोव्ह बॉक्स वाजतो, कडी बदलू का?” आधी झाकण उघडून काठाजवळचे काळे रबरी स्टॉपर चाचपून बघा. एखादा गळून पडलेला असतो, नाहीतर दगडासारखा झालेला. नवीन स्टॉपर बसवा आणि पुन्हा त्याच रस्त्यानं गाडी चालवून बघा. तरीही वाजलं, तर कप्प्यातली किल्ली, नाणी आणि टोलच्या पावत्या काढून एकदा चालवा. त्यानंतरच कडीकडे बोट दाखवा.