जिनिव्हाची तारीख

आमच्या काकांची बांधाची केस हायकोर्टात होती, तेव्हा रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबईला जायचं, कापडी पिशवीत फाईल आणि भाकरी-चटणी, आणि तिथं पोचल्यावर कळायचं की पुढची तारीख पडली. ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं, आता निदान तिकिटाचे तरी पैसे वाचतात.

हे आठवलं डब्ल्यूटीओचं, म्हणजे देशादेशांतले व्यापाराचे तंटे सोडवणाऱ्या जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेचं वाचताना. तिथं जिंकलं तरी समोरच्याकडनं वकिलाची फी मिळत नाही, ज्याचा त्यानं खर्च करायचा. म्हणजे अमेरिकेला काय फरक पडतोय, पण छोट्या देशाचं काय? बांगलादेशनं २००४ ला बॅटरीवरच्या अँटी-डंपिंग ड्युटीवरनं (फार स्वस्तात येणाऱ्या मालावर लावलेला जादा कर) चक्क आपल्यावर केस टाकली, आणि २००५ ला आपण ती ड्युटी काढली बरं का! त्यांच्या मदतीला होतं जिनिव्हातलं स्वस्तात वकिली करणारं केंद्र, २००१ ला सुरू झालेलं, गरीब देशांना अगदी कमी फी.

पण नुसती केस जिंकून भागत नाही ना. अँटिग्वा ऑनलाइन जुगाराच्या केसमध्ये अमेरिकेविरुद्ध जिंकला, २००७ ला लवादानं वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत अमेरिकेचे कॉपीराइट-पेटंटसारखे हक्क न पाळून वसुली करायची मुभा ठरवली, २०१३ ला रीतसर परवानगी पण मिळाली, आता एवढ्याशा बेटानं अमेरिकेकडनं वसूल करायचं तरी कसं? आमच्या काकांचा हुकूमनामा पण असाच कपाटात पडून आहे, बांध अजून तिथंच.

आणि उसाच्या सबसिडीवरनं ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमालानं आपल्यावर टाकलेली केस? २०२१ ला निकाल विरोधात गेला, आपण अपील केलं, पण अपील ऐकायला २०१९ पासनं बेंचच नाही. तारीख पण पडत नाही तिथं!