भरलेली असली की बंद, रिकामी असली की चालू

आमची पिकअप २००६ ची. डिझेल, इंजिनाला डिझेल पुरवणारा जुन्या धाटणीचा रोटरी पंप, कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही. त्यामुळे "स्कॅनर लाव, लगेच कळेल" असं सांगणाऱ्या चुलतभावाला मी दर वेळी विचारतो, लावू कुठे? सॉकेटच नाही.

एप्रिल-मे दोन महिने ती रात्री आंबा घेऊन कोल्हापूरला जाते. पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट. पहाटे शाहू मार्केट यार्डात पेट्या उतरवायच्या आणि दुपारपर्यंत रिकामं परत यायचं. बाकी वर्षभर गावातली कामं, मांडवाचं सामान, कुणाची कपाटं.

गेल्या हंगामात तिने दोन खोड्या सुरू केल्या. एक, सकाळी लवकर स्टार्ट व्हायची नाही, पण रोज नाही. दुसरी, चालता चालता बंद पडायची, तीही रोज नाही. मी दोन्हीला मिळून एकच आजार समजलो, आणि पुढचे सगळे पैसे त्या समजुतीपायी गेले.

घाटात बंद पडणं म्हणजे काय ते ज्याने भरल्या गाडीने अनुभवलंय त्यालाच माहीत. पहाटेचे तीन, दुसरा गिअर, मागे ट्रक. इंजिन गेलं की ब्रेकचा व्हॅक्यूम गेला; एक-दोनदा पेडल दाबलंत की ते दगडासारखं होतं. दोन्ही पायांनी दाबून धरायचं, हँडब्रेक ओढायचा आणि शेजारी बसलेल्या माझ्या पोराने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. आमच्याकडे त्यासाठी एक खास जांभा दगड सीटमागे असतो. आणि गंमत अशी, दगड लावून होईतो सेल्फ मारला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू. जसं काही झालंच नाही.

मिस्त्री लोकांचं मत पडलं की डिझेल कमी पडतंय. चढाला, लोडवर बंद पडते ना, मग दुसरं काय? फिल्टर बदलला. टाकी उतरवून धुतली. बॅटरी दोन वर्षांची होती, तीही बदलली. सेल्फ उघडून कार्बन ब्रश टाकले. शेवटी पंप कॅलिब्रेशनला गेला, त्याचेच चौदा हजार झाले. ट्रायल घ्यायला मिस्त्री गावातून रिकामी गाडी फिरवून आणायचे, ती कधीच बंद पडायची नाही. "झाली बघ ओके." तिसऱ्या रात्री आंबा घाटात पुन्हा दगड.

बायको म्हणाली, "किती वाजता, कुठे, कशी बंद पडते ते लिहून तरी ठेवा." तिचं आशा सेविकेचं काम, वहीशिवाय तिचं पान हलत नाही. मी डॅशबोर्डच्या खणात पोराची जुनी दोनशे पानी वही टाकली. नऊ फेऱ्यांत पाच नोंदी झाल्या. पाचही भरलेल्या गाडीच्या, पाचही चढाला, आणि प्रत्येकीपुढे मी न ठरवता एकच शब्द लिहिला होता: "झटकन."

त्या शब्दावर मी अडलो. डिझेल कमी पडलं तर गाडी आधी ओढ सोडते, आचके देते, मरगळते आणि मग मरते. ही तशी मरत नव्हती. किल्ली बंद केल्यासारखी जात होती.

या पंपावर अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड असतो. किल्ली ऑन केली की त्याला १२ व्होल्ट जातात, आतली दांडी ओढली जाते आणि डिझेलची वाट उघडते. कान दिलात तर "टक" ऐकू येतं. करंट गेला की स्प्रिंग ती वाट बंद करते. इंजिनाला चालायला वीज म्हणून तेवढीच लागते. ती क्षणभर जरी गेली, तरी चौदा हजारांच्या पंपाने करायचं काय?

मग सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक जादा वायर काढून केबिनमध्ये आणली आणि टोकाला पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब लावून तो डॅशबोर्डवर चिकटवला. दुसरं टोक बॉडीला. सोलेनॉइडला करंट आहे तोवर बल्ब पेटलेला. रात्री डोळ्यांवर येतो म्हणून त्याच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून चिरेएवढी फट ठेवली. बाबांनी बघितलं आणि विचारलं, "देवाचा दिवा काय रे?"

तीन फेऱ्या बल्ब पेटलेलाच राहिला आणि गाडीही चालत राहिली. याचाच राग येतो. चौथ्या फेरीला साखरपा सोडून घाट लागला, दुसऱ्या वळणाला मी गिअर टाकून पाय दिला आणि बल्ब लुकलुकला. एकदा, दोनदा, मग विझला. इंजिनही गेलं. मीटरवरचे दिवे चालू, हेडलाइट चालू, फक्त हा एक विझलेला. पोरगा दगड घेऊन खाली उडी मारत होता आणि मी हसत होतो. त्याला वाटलं, बापाचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी गाडी थेट वायरिंगवाल्या चाचांकडे नेली. चाचा सत्तरीचे, अजून स्टुलावर बसून डायनॅमो भरायचे दिवस सांगतात. त्यांनी सोलेनॉइडची वायर काढली, मल्टिमीटर लावला. साडेबारा व्होल्ट. माझं तोंड पडलं. चाचा म्हणाले, "बेटा, मीटरला खायला काही लागत नाही. तांब्याचा एक धागा शिल्लक असला तरी तो साडेबारा दाखवणार. भुकेला काहीतरी लाव त्याला." आणि त्यांनी मीटर बाजूला ठेवून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्या वायरला लावला. पेटला, पण पिवळट. मग मला पहार दिली, "इंजिन उजवीकडे रेट." रेटलं. बल्ब विझला. सोडलं, पेटला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

वायर बॉडीच्या पत्र्यावरच्या क्लॅम्पमधून निघून पंपाकडे जाते. कधीतरी फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते, रबर बदलताना कुणीतरी ती ब्रॅकेटच्या मागून घेतली होती, त्यामुळे ताणलेली. भरली गाडी चढाला लागली की इंजिन फाउंडेशनवर एका अंगाला कलतं, वायर ओढली जाते, करंट जातो. बंद पडलं की इंजिन जागेवर येतं, धागे पुन्हा चिकटतात, म्हणून लगेच स्टार्ट. रिकामी गाडी कलणार किती?

चाचांनी वायर तिथे कापली. वरचं आवरण जरा घासलेलं, पण कुठेही फाटलेलं नाही. हात फिरवला असता तरी कळलं नसतं. आत मात्र तांबं तुळशीच्या पानासारखं हिरवं. आमची हवा खारी, वर पावसाळ्यात ही गाडी मासळीच्या फेऱ्याही करते. नखाने खरवडलं तर हिरवी पूड पडली आणि मधोमध दोन-तीन धागे चमकले. वीतभर नवी वायर, थोडी ढील ठेवून, सोल्डर करून, वर स्लीव्ह. साडेतीनशे रुपये आणि चहा.

सकाळची खोडी मात्र तशीच होती. सोलेनॉइड "टक" करायचा, सेल्फ जोरात फिरायचा, आणि मागे उभ्या बायकोने ओरडून सांगायचं, "धूर नाही!" धूर नाही म्हणजे डिझेल आत जातच नाही. वही पुन्हा उघडली. ज्या दिवशी गाडी खळ्यात तोंड वर करून लावली त्याच दिवशी त्रास. तोंड खाली करून लावली की बिनबोभाट स्टार्ट. टाकी मागे. लाइनीत कुठूनतरी हवा शिरतेय आणि रात्रभर डिझेल टाकीकडे उतरतंय. बाहेर थेंबही दिसत नव्हता, कारण ही बाजू ओढणारी. ती गळत नाही, हवा पिते.

गवंड्याकडून पारदर्शक लेव्हल पाइपचा हातभर तुकडा आणला आणि फिल्टर ते पंप तात्पुरता जोडला. पाइपातून बुडबुडे मण्यांच्या माळेसारखे निघाले. फिल्टरच्या अलीकडे जोडला तर बुडबुडे नाहीत, पलीकडे आहेत. फिल्टर बदलताना बेंजो बोल्टचे (डिझेलचा पाइप फिल्टरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुनेच टाकले होते. एकदा दाबले गेले की ते कडक होतात, पुन्हा नीट बसत नाहीत. रविवार होता, दुकान बंद. मी ते गॅसच्या शेगडीवर लाल करून पाण्यात टाकले, मऊ झाले, बसवले, हातपंपाने हवा काढली. बायकोची चिमटी काळी झाली त्यावरून जे ऐकून घेतलं ते वेगळं. सोमवारी दहा रुपयांचे नवे आणले. पारदर्शक पाइपही काढला. डिझेलने तो कडक होऊन तडकतो, कायमचा ठेवू नये.

हंगाम संपेपर्यंत सव्वीस फेऱ्या झाल्या. जांभा दगड सीटमागेच आहे, बल्बही डॅशबोर्डवर आहे. गेल्या आठवड्यापासून ओल्या हवेत डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. उजवीकडे नाही. वहीत नवं पान केलंय, दोन नोंदी झाल्यात.