झालं ना सगळं कॉपी करून?

ताई परवा फोनवर सहज म्हणाली, "झालं ना सगळं कॉपी करून? मग आता तो डबा काढ की तिथून." एवढंच. टोमणा वगैरे नव्हता, मी पण "हो, बघू" म्हणून विषय बदलला. पण तेव्हापासून डोक्यात तेच चालूये. कारण बोलली ती बरोबरच ना. मूळ गेलं तरी चालावं म्हणूनच तर बॅकअप घेतात. मग मला एवढं लागायचं काय कारण?

तो डबा म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर, ८०८८ प्रोसेसरवाला एक्सटी, ६४० केबी मेमरी आणि सीगेटची एसटी-२२५ हार्ड डिस्क, २० एमबीची. आत्ताच्या फोनने काढलेले चार-पाच फोटो टाकले की भरली. ज्याला त्याला विचारलं तर सल्ला एकच, डिस्क काढ, यूएसबीला लाव, पाच मिनिटांचं काम. अरे पण ती नंतरच्या आयडीई जातीची नाहीये, त्याआधीच्या एमएफएम जातीची आहे! दोन रिबन केबल, एक ३४ पिनांची एक २० ची, आणि वाचायची सगळी अक्कल डिस्कमध्ये नाही तर कंट्रोलर कार्डात, त्यातही ज्या जातीच्या कार्डावर फॉरमॅट केलीय तसंच कार्ड लागतं, दुसऱ्या कंपनीचं लावलं तर वाचेल याची खात्री नाही. हे मी किती जणांना समजावलं असेल, शेवटी नाद सोडला.

राहिली सिरियल केबल. फ्लॉपी ड्राइव्ह तर केव्हाच गेलाय. आता गंमत अशी की केबलवरून फाइल घ्यायला एक्सटीवर आधी तसा प्रोग्राम पाहिजे, आणि तो प्रोग्राम जाणार कसा तर केबलवरूनच. पण डॉस ६ मध्ये (डॉस म्हणजे हुकूम टाइप करून चालवायची जुनी सिस्टीम) केबलवरून फायली नेणारी इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर म्हणून प्रोग्रामांची जोडी आहे आणि तिच्यात यावर तोड आहे, मला हे फार म्हणजे फारच आवडलं. जुन्या मशीनवर मोड कमांडने पोर्टचा वेग सेकंदाला २४०० बिट करायचा आणि मग सीटीटीवाय कॉम१ टाइप करायचं. बास. त्यानंतर मशीन स्वतःच्या कीबोर्डचं ऐकतच नाही, वायरीतून येईल ते हुकूम मानतं, आणि पलीकडचा लॅपटॉप (जुनाच, डॉस ६.२२ वाला, खरा सिरियल पोर्ट असलेला) त्याला एकेक करून दोन्ही प्रोग्राम भरवतो. ते होताना बघून मी एकटाच हसत होतो.

पुढचं काम कंटाळवाणं. वेग ९६०० वर ठेवला कारण ह्या पोर्टाच्या चिपला बफर नाही, घाई केली की अक्षरं गळतात. एका बाइटमागे स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे १४ एमबीला चार तासांच्या वर. मध्येच डिस्क वाचता येत नाही म्हणून डॉसचं "अबॉर्ट, रिट्राय, फेल?" आलं की पोटात गोळा. ह्या डिस्कचं हेड स्टेपर मोटरवर चालतं, गार असताना आणि गरम असताना ट्रॅकवर नेमकं एकाच जागी बसत नाही, त्यामुळे थोडा वेळ नुसती फिरू दिली आणि मग रिट्राय दाबलं तर त्याच फायली निमूट वाचल्या. हे सगळं करताना शेजारी कुणी नव्हतं. असतं तरी काय सांगणार होतो, की बघ, वर्डस्टार (लिहायचा जुना प्रोग्राम) आलं? आणि एवढं करून मिळालं काय तर "काढ की तिथून". कुणालाच काही पडलेली नाही, हेच खरं. सगळं मीच सांभाळायचं, आणि सांभाळून झालं की आवरायचंही मीच.

बरं, आलेल्या फायली मी तरी उघडल्या का? खरं सांगायचं तर एकच. वर्डस्टारची होती, आजच्या एडिटरमध्ये प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच दिसतं, कारण वर्डस्टार तिथे आठवा बिट लावून ठेवायचं. तो काढणं दोन ओळींचं काम आहे. केलं नाही अजून. म्हणजे मलाही फायली नकोच होत्या की काय? मग ताईपेक्षा मी वेगळा कसा?

तर काल रात्री मला एक कारण सापडलं. इंटरलिंक फक्त फायली देतं, पुसलेलं काही देत नाही. पुसलेल्या फायली परत आणणारी नॉर्टनची जुनी युटिलिटी डिस्कवर होतीच, तिच्यात पुसलेल्यांची यादी बघितली. डॉस फाइल पुसताना नावाचं पहिलं अक्षर मारतं, बाकीचं नाव तसंच राहतं आणि आतला मजकूरही पडून असतो, त्यावर दुसरं काही बसेपर्यंत. एका फायलीचं उरलंय एटीआरए, पुढे डॉट टीएक्सटी. तारीख जून १९९१. पत्रा असेल, यात्रा असेल, मात्रा... असो. जून १९९१ म्हटल्यावर घरातल्यांना काही सांगायला नको.

पण मला आधी काय झालं असेल तर आनंद! की चला, बॅकअप अपुरा आहे, डबा हलवता येणार नाही! तिथेच मी स्वतःला पकडला. आणि मग हसूच आलं. म्हणजे मला हे काम संपायलाच नको होतं, त्या फायली एक निमित्त.

युटिलिटी पहिलं अक्षर विचारते. मी एक्स टाकलं. कुठलंही चालतं तिला. फाइल परत आली, तीही पलीकडे कॉपी केली, उघडली नाही. आता कारणही संपलं.

आणि विचित्र म्हणजे त्यानंतर मोकळं वाटायला लागलं. इतके दिवस चालू करताना जीव मुठीत असायचा की आज डिस्क फिरेल का. आता नाही फिरली तर नाही फिरली, सगळं पलीकडे आहे, मग वापरायला काय हरकत आहे! ८ बिट स्लॉटमध्ये चालणारं एक नेटवर्क कार्ड मिळालंय, एमटीसीपी म्हणजे डॉसवरचे नेटवर्कचे प्रोग्राम ८०८८ वर चालतात, एकदा ते बसलं की फायली नेटवर्कवरून, एफटीपीने जातील, चार तास बसायला नको. ताईला "बघू" म्हटलंय ते तसंच राहू दे. फक्त कार्डाचा ड्रायव्हर आधी पाठवावा लागेल, आणि तो जाणार त्याच सिरियल केबलवरून, ९६०० ने.