हळद पिवळीच राहिली

मे महिन्याची दुपार, कुडाळ तालुक्यातलं एक गाव. जांभ्याच्या दोन फुटी जोत्यावर स्टीलचा हलका सांगाडा आणि छप्पर आठवड्यापूर्वीच उभं राहिलं होतं. त्या दिवशी भिंतींची पॅनेलं ट्रकमधून उतरत होती आणि मी खूश होते. बांबूच्या पॅनेलांसाठी ऑफिसात मीच भांडले होते.

आमच्याकडे प्रीफॅब, म्हणजे तयार भाग आणून जागेवर जोडायचं घर, म्हटलं की पफ पॅनेल: दोन पत्रे आणि मध्ये फोम. उष्णता अडवायला ते उत्तम, यात वाद नाही. पण दोन पत्र्यांमध्ये चिकटलेला तो फोम नंतर सुटा करणं फार कठीण. साहित्य निवडताना मी मनात एकच विचारते: तीस वर्षांनी भंगारवाला याचं काय करील? सांगाड्याचं स्टील तो वजनावर नेईल. पफ पॅनेलकडे बहुधा बघणारही नाही. उलट इथे घराच्या मागेच माणग्याची बेटं. भरीव, बिनकाट्याचा, सरळ बांबू. त्याची चौकट, त्यावर कामट्या, वरून चुन्याचा गिलावा. कागदावर सगळं झकास.

चौथं पॅनेल उतरवताना ट्रकच्या फाळक्यावर पिठासारखी भुकटी दिसली. गवंडी बोट फिरवून म्हणाला, "मॅडम, भुंगेरो लागलोहा."

बांबूत पिष्ट असतं, भुंगेऱ्याला तेच हवं असतं. म्हणूनच टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात तो मुरवून घ्यायचा, हे आम्ही ऑर्डरमध्ये लिहिलं होतं. पुरवठादाराचं प्रमाणपत्रही फाईलला होतं. आर्सेनिकवाल्या औषधांपेक्षा हे कितीतरी सौम्य. फक्त पावसाने धुपतं, म्हणून तर उंच जोतं आणि तीन फुटी पागोळी.

बॅगेत तपासणीच्या दोन बाटल्या होत्या. एकीत स्पिरिटमध्ये उतरवलेली हळद, दुसरीत आम्ल. चौकटीचा दांडा मधोमध कापायला लावला आणि कापावर आधी हळद, मग आम्ल फिरवलं. टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिड दोन्हींत बोरॉन असतं, आणि बोरॉन असेल तिथे हळद लाल होते. घरमालकांच्या आई खुर्ची ओढून बघत बसल्या होत्या. कडेला लालसर रेघ उमटताच त्या म्हणाल्या, "अगो, ह्यां तर कुंकू झालां! आमची आजी हळदीत टाकणखार आनि लिंबू घालून असांच करी."

मी अवाक्. माझी बाटली म्हणजे त्यांच्या आजीचं कुंकू!

पण लाली कडेलाच थांबली. आतला सगळा गाभा पिवळाधमक. आणखी पाच दांडे कापले, पाचही तसेच. बांबूची साल द्रावण आत जाऊ देत नाही. पोकळ बांबूच्या पेरांना भोक पाडून आत द्रावण तरी भरता येतं. भरीव माणगा चिरून किंवा आरपार भोक पाडूनच दिवसचे दिवस बुडवावा लागतो. यांनी अख्खा बुडवून काढला असणार. ज्या भरीवपणासाठी मी तो निवडला, तोच नडला. आणि ऑर्डरमध्ये 'चिरून' हा शब्द मी लिहिलाच नव्हता.

ट्रक परत पाठवला. साहेब फोनवर म्हणाले, "पफ पाठवतो, आठ दिवसांत घर उभं." घरमालकांनी रात्रभर विचार केला आणि नको म्हणाले.

नवी पॅनेलं यायच्या आत पाऊस आला. इथला पाऊस म्हणजे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात. सांगाडा निळ्या ताडपत्रीत गुंडाळून आम्ही परतलो. त्यांचा गणपती त्या वर्षी जुन्याच घरात बसला. मलाही बोलावलं होतं. लाजेनं गेले नाही.