भोपळ्याचं पाणी

बैरूतला येताना सामानात पाच लिटरचा कुकर कोंबून आणला होता. भोपळा त्यातच शिजवला आणि तिथेच सगळं बिघडलं.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवास असतो, तेव्हा इथली ख्रिस्ती घरं भोपळ्याचं किब्बे करतात. किब्बे म्हणजे एरवी मांस आणि बुलगुर, म्हणजे भरडलेला गहू, मळून केलेला पदार्थ; उपवासात मांसाऐवजी भोपळा. किब्बेत लअतीन. भोपळा आणि बारीक बुलगुर मळून ट्रेमध्ये खाली-वर दोन थर, मधे पालक, कांदा, छोले आणि सुमाक ही आंबट पूड. बिनमांसाच्या किब्बेला ‘किब्बेत हीले’ही म्हणतात, म्हणजे लबाडीचं किब्बे. लबाडी नेमकी माझ्याशीच झाली.

पहिला ट्रे तासभर भाजूनही लापशीच. वरून तपकिरी, आत चमचा घातला की डबकं. दुसऱ्या वेळी चिडून मैदा ओतत गेले, तर कौल तयार झालं. नवऱ्याने निमूटपणे खाल्लं, त्याचा जास्त राग आला.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना वर बोलावलं. त्यांना मी तान्त म्हणते, म्हणजे काकू. त्यांनी माझ्या लगद्याची मूठ दाबली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. “मय्य, हबीब्ती! किल्लो मय्य!” सगळं पाणीच! मग घरून पांढरं फडकं आणलं, लगदा बांधला आणि नळाला टांगला. रात्रभर. मी बघतच राहिले. जन्मभर श्रीखंडाचा चक्का टांगणाऱ्या बाईला हे सुचू नये?

तर भोपळा शिजवू नका, फोडी ओव्हनमध्ये भाजा आणि तरीही टांगा. किलोभरातून सकाळी जेमतेम निम्मा उरला. बुलगुर भिजवायचा नाही, तो उरलेला ओलावाच पितो. आणि हो, बुलगुर ‘नंबर एक’चा, सगळ्यात बारीक. आपला दलिया चालत नाही, तो कच्चा असतो. बुलगुर आधीच उकडून वाळवलेला. पालकही पिळून घ्या, हे मला तिसऱ्या ट्रेला आठवलं. वरचा थर ओल्या हाताने थापायचा, भाजण्याआधीच शंकरपाळ्यासारखे काप पाडायचे आणि चिरांमध्ये ऑलिव्ह तेल सोडायचं, हात आखडता न घेता. सारणात डाळिंबाचा आंबट पाक मी विसरले होते, तुम्ही विसरू नका.

तिसऱ्या ट्रेच्या वड्या अखंड निघाल्या. गरमागरम खाली घेऊन गेले. तान्तनी दोन खाल्ल्या, मीठ कमी आहे म्हणाल्या आणि छोले शिजवायला माझा कुकर मागून घेतला. अजून परत आलेला नाही.