उतारा पाहिजे

भाचीची नाटकाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आणि ती आमच्याकडे येऊन दाखल झाली. हातात कागदांची चळत. "मावशी, तू कॉलेजात नाटकं केलीस ना, मग यातलं एक निवडून दे." तीन ते चार मिनिटांचं स्वगत हवं, अट एवढीच.

कागद चाळायला घेतले. पहिल्या कागदावरची बाई नवऱ्याच्या प्रेताशी बोलत होती. दुसऱ्यावरचीला वेड लागलं होतं. तिसऱ्यावर एक दारुडा, चौथ्यावर फाशीच्या आदल्या रात्रीचा कैदी. सतरा कागद झाले, पण ज्याचं जरा बरं चाललंय असं माणूस काही सापडेना.

"अगं, शुद्धीत असलेलं कुणी नाही का तुझ्याकडे?"

"मग त्यात अभिनय काय दिसणार?"

या वाक्यावर मला हसता येईना, कारण तिच्या वयात मीही हेच म्हणत होते. माझ्या परीक्षेला मी मुलगा गेलेल्या आईचा उतारा घेतला होता. वय अठरा. पहिल्याच वाक्याला डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, हा हट्ट. तालमीत ते जमायला आठवडा गेला होता आणि परीक्षेत पहिल्याच वाक्याला जमलं. पुढची साडेतीन मिनिटं काय करायचं, याचा विचार मात्र केलेला नव्हता. मग रडणं वाढवलं. आणखी वाढवलं. नाक वाहायला लागलं. शोकात बुडालेल्या बाईच्या हाती रुमाल कुठून येणार, म्हणून तालमीत ठेवलेला रुमाल मीच काढून टाकला होता. शेवटी पदराचा आधार घेतला. परीक्षकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाशी बोलत होता?"

"स्वतःशीच."

"मग मुलाचं नाव, वय, इयत्ता हे सगळं स्वतःला का सांगत होता?"

इतक्या वर्षांनी मार्क आठवत नाहीत, हा प्रश्न आठवतो. तेव्हा त्यांचा फार राग आला होता. लेखकाची चूक माझ्या माथी का, असं वाटलं होतं. पण तो उतारा मीच तर निवडला होता.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे समोर कुणीतरी हवंच?" हवंच, असं नाही. माणूस खरोखर एकटा असतानाही बोलतो, देवाशी, मेलेल्या माणसाशी, आरशाशी. पण त्यालाही काहीतरी पाहिजे असतं, कुणाकडून तरी. ते काय, हे करणाऱ्याला ठाऊक नसलं की उरतं ते पाठांतर. आपल्याकडे दिवाकरांनी 1911 पासून नाट्यछटा लिहिल्या, एकूण 51. एकच माणूस बोलतो, समोरचा दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. तरी तो काय म्हणाला, कुठे वैतागला, केव्हा गप्प बसला, हे बोलणाऱ्याच्या तोंडूनच कळतं. शाळेत स्पर्धेसाठी आपण त्या हातवारे करून घडाघडा म्हटलेल्या असतात, म्हणून त्या बालिश वाटू लागतात. बिचाऱ्या नाट्यछटांचा यात काही दोष नाही. समोरच्याचं ऐकायला जी थांबायची जागा असते, तीच आपण खाऊन टाकतो.

चळतीत एक चिकटवलेलं स्वगतही होतं. दोघांच्या प्रवेशातून समोरच्याची वाक्यं गाळून तयार केलेलं. असले उतारे दुरूनच ओळखू येतात. "काय? तू उद्या येणार नाहीस? का म्हणून विचारतोयस? आई आजारी आहे म्हणतोस?" गाळलेली वाक्यं मागच्या दाराने परत आलेली असतात, आणि बोलणारं माणूस बहिऱ्या आजोबांना निरोप पोचवत असल्यासारखं वाटतं. तो कागद मी बाजूला ठेवला. तिचा चेहरा पडला. चिकटवण्याचं काम तिनंच केलेलं होतं.

मग प्रसिद्ध उताऱ्यांची पाळी आली. तिच्या वर्गातले तिघे म्हणे 'नटसम्राट'मधले म्हातारे आप्पासाहेब बेलवलकर करणार आहेत. सतरा वर्षांच्या पोरांनी म्हातारा करू नये असं मी म्हणणार तोच ती म्हणाली, "लागू तरी कुठे म्हातारे होते?" बरोबर आहे. 1970 साली 'नटसम्राट' रंगमंचावर आलं तेव्हा ती भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते. अडचण वयाची नाहीच. अडचण अशी की परीक्षकाच्या कानात तो आवाज आधीपासून बसलेला आहे. पोरगं तोंड उघडतं आणि परीक्षक मनातल्या मनात मूळ ऐकायला लागतो. पोराच्या वाट्याला मग कोण येणार?

तिला स्वतःला लीला बेणारे करायची होती. हे ऐकून मी जरा सावध झाले, कारण ती मलाही करायची होती. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची ती नायिका. नाटक 1967 चं, आणि त्यात खेळ म्हणून मांडलेल्या खोट्या खटल्यात तिलाच आरोपी करतात. कोर्ट बेणारेला दहा सेकंद देतं आणि ती कितीतरी वेळ बोलते, आजूबाजूची माणसं गोठलेली. म्हणजे जे तिला बोलू दिलेलं नाही, ते आपण ऐकतो. पण ते ऐकताना अंगावर येतं ते आधीच्या सगळ्या खेळामुळे. हसतखेळत आलेली बाई त्या खेळात कशी कोंडीत सापडली हे आपण पाहिलेलं असतं. परीक्षेच्या खोलीत आधीचं काहीच नसतं. असते एक खुर्ची, वर पंखा, आणि दाराबाहेर पुढच्या मुलाचं पुटपुटणं. तिथे थेट शेवटावर उडी मारायची म्हणजे जिना नसलेल्या गच्चीवर जाण्यासारखं.

"पूर्ण नाटक वाचलंयस?" मी विचारलं.

"उतारा वाचलाय."

यावर बोलण्यासारखं खूप होतं. बोलले नाही. पुस्तक काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि झोपायला गेले. सकाळी ती जागीच होती. म्हणाली, "नको, बेणारे नको. अजून नको." त्या 'अजून'चं मला बरं वाटलं.

वेळेचं गणित मात्र तिला पटवावं लागलं नाही, घड्याळानंच पटवलं. मनात वाचताना तीन मिनिटांत बसणारा मजकूर मोठ्यानं, थांबत, श्वास घेत बोलायला गेलं की पाचच्या पुढे जातो. मग घाई होते, आणि घाईत पहिला बळी जातो तो विरामाचा. बेतलेला उतारा थोडा अपुरा वाटावा इतका छोटा हवा. उरलेल्या वेळात माणूस नुसतं बघू शकतं.

दुपारी तिनं चळतीतून एक कागद काढला. तो मी आदल्या दिवशी धड पाहिलाही नव्हता, कारण त्यात काहीच घडत नव्हतं. एक मुलगी धाकट्या भावाची बॅग भरतेय. तो वसतिगृहावर निघालाय. मोजे मोजते, स्वेटरवरून ओरडते, पत्ता तीनदा बजावते. रडण्याची एकही सूचना नाही. 'जाऊ नकोस' हे शब्द कुठेच नाहीत.

"हे घेऊ? फार साधं आहे."

"करून तर बघ."

मी वाळलेले कपडे घेऊन घड्या घालत बसले. ती खुर्चीला भाऊ समजून बोलायला लागली. सुरुवातीला आवाज परीक्षेचा होता. मग हळूहळू उतरला. माझ्याच पुढ्यातला एक टॉवेल तिनं ओढला, घडी केली, मोडली, पुन्हा केली. खुर्चीकडे न बघताच विचारलं, "कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस?"

"खुंटीवर," मी म्हणाले.

ती वळली. "मावशी! मी तुझ्याशी नाही बोलत आहे!"